परीक्षक क्रमांक पाच

पाडा, ता. चोपडा
९ जून २०२५

मयुरी,

अक्षर ओळखून पाकीट तसंच चुलीत टाकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, तो तुझा हक्क आहे. पत्र पडून राहील, मनात येईल तेव्हा वाच. तुमच्या नव्या घराचा पत्ता चमेलीबाईने दिला, तिची लेक धुळ्यातच असते ना. तिच्यावर रागावू नको. मी तीन दिवस तिच्या ओट्यावर जाऊन बसले तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

आपल्या धाकट्या सुनिताला जाऊन येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. तिच्या दहाव्याला तू घरातून गेलीस ती गेलीस. का गेलीस ते तुला माहीत, मला माहीत. आज त्यावर लिहायला बसले नाही. मला एक नवीन काम मिळालंय आणि ते सांगायला घरात कोणी नाही. तुझे बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं. सुनिता असती तर तिने मलाच चार प्रश्न विचारून भंडावलं असतं.

पुण्याला एक निधी आहे. डॉक्टर, प्राध्यापक लोक संशोधन करायला त्यांच्याकडे अर्ज करतात. कोणाचा अर्ज मंजूर करायचा ते सहा जणांची समिती ठरवते. यंदा त्यांनी ठरवलं की सहापैकी दोन माणसं साधी असावीत, ज्यांच्या गावात असलं संशोधन होतं तिथली. तालुक्याच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "कोकिळाताई, चौदा वर्षं आशाचं काम करताय, तुमचं नाव देते." मी हसले. मला वाटलं चेष्टा आहे.

तर मागच्या मंगळवारी जळगावला प्रशिक्षण झालं. माझ्यासारखाच दुसरा माणूस म्हणजे धरणगावकडचे एक नाना, कापूसवाले शेतकरी, सत्तरीचे. बाकी चौघे आपापल्या शहरातून जोडले होते, त्यांचे चेहरे दिसले नाहीत. आमच्या दोघांच्या हातात एकेक टॅब दिला. अर्ज त्यातच वाचायचे, दहापैकी गुण द्यायचे, कारण लिहायचं. मग त्यातच एक पान उघडतं, तिथे सहाही जणांनी एकमेकांचं लिहिलेलं वाचून चर्चा करायची. सगळं लिहून. तिथे कोणाचं नाव दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. मी परीक्षक क्रमांक पाच.

शिकवणारी मुलगी भरभर बोलत होती. मी घाबरून नानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अक्का, त्येसना शब्द मोठा शेतस. आपन वाचानं, समजनं तेवढं लिखानं. बठ्ठं कोनलेच समजत नही." सगळं कोणालाच समजत नाही, हे ऐकून मला धीर आला.

अर्ज कोणाचे, समितीत कोण, हे बाहेर सांगायचं नाही अशी सही घेतली आहे. म्हणून मी तुला नावं सांगणार नाही. पण बाकीचं सांगेन. मला कोणाला तरी सांगू दे.

तू बरी आहेस ना? जावई बरे आहेत ना?

कोकिळा


पाडा
२३ जून २०२५

मयुरी,

पहिलं पत्र मिळालं असेल असं धरून लिहिते.

सात अर्ज आले. एकेकाची तीस-तीस पानं, पण आम्हा दोघांसाठी मराठीत सहा पानांचा सारांश होता. पाऊस लांबला आहे, गावात फेऱ्या कमी, म्हणून दुपारी ग्रामपंचायतीच्या खोलीत बसून वाचते. तिथेच नेट धरतं. एक अर्ज शेतातल्या फवारणीवर, एक बाळंतिणींच्या जेवणावर, एक पाण्यातल्या क्षारावर. चौथा अर्ज आपल्या आजाराचा आहे. सिकलसेलचा.

तो उघडला आणि मी टॅब उपडा ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. अर्ध्या तासाने आत आले.

चांगला अर्ज आहे, मयुरी. सातपुड्याच्या पायथ्याचे चाळीस पाडे घ्यायचे. चौदा ते पंचवीस वयाच्या प्रत्येक मुलामुलीचं रक्त लग्नाआधी तपासायचं. ज्यांच्यात दोष आहे पण त्रास नाही त्यांना पिवळं कार्ड, ज्यांना आजार आहे त्यांना लाल. लाल कार्डवाल्यांना गोळ्या चालू करायच्या आणि दोन वर्षं प्रत्येक घराच्या मागे राहायचं. मी दहापैकी नऊ दिले. एक कापला तो, कोणी म्हणू नये की बाईने भावनेने दिले म्हणून.

मग चर्चेचं पान उघडलं. ते कसं असतं ते तुला सांगते. समज, सहा माणसं एका खोलीत आहेत आणि सगळ्यांचे डोळे बांधले आहेत. कोणी हसलं ते कळत नाही, कोणी तोंड वाकडं केलं ते कळत नाही. क्रमांक दोन आणि क्रमांक चार सकाळीच भराभर लिहून जातात, बहुतेक दोघं डॉक्टर असावेत. मी एका बोटाने लिहिते. बोलून लिहायचं बटण आहे, पण मी रक्त म्हटलं की ते भक्त लिहितं. माझं एक वाक्य होईपर्यंत त्यांची सहा वर सरकलेली असतात. एकदा मी लिहिलं, पेरणीच्या दिवसांत घरात तरणी पोरं भेटणार नाहीत, तपासणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास ठेवा. क्रमांक दोनने लिहिलं, "धन्यवाद, परीक्षक पाच. मोलाचा अनुभव." आणि त्याखाली लगेच नमुन्याच्या आकड्यांवर त्यांची चर्चा पुन्हा चालू. त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही. क्रमांक सहा म्हणजे नाना, त्यांनी सहा दिवसांत एकच शब्द लिहिला, "सहमत". तो कोणाला उद्देशून, ते कोणी विचारलंही नाही.

मग क्रमांक तीनने विचारलं. तो मुलीचा प्रश्न असावा असं मला वाटलं, का ते सांगता येत नाही. तिने लिहिलं, "लग्न ठरायच्या वयात असा निकाल आला तर घरचे लोक तो लपवणार नाहीत का? लपवला तर या सगळ्याचा उपयोग काय? परीक्षक पाच याच भागात काम करतात, त्यांनी सांगावं."

आठवड्यात पहिल्यांदा कोणी मला नीट प्रश्न विचारला, आणि तो हा.

तीन दिवस मी ते पान उघडलं नाही. चौथ्या दिवशी आठवणीचा निरोप आला. मग मी लिहिलं, "आमच्याकडे कोणी लपवत नाही. आशा कार्ड घरी नेऊन देते आणि समजावून सांगते."

त्याखाली लगेच चार जणांनी लिहिलं, "हे महत्त्वाचं आहे." क्रमांक चारने आपले गुण सहाचे आठ केले.

तू हे वाचत असशील तर तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय.

कोकिळा


पाडा
४ जुलै २०२५

मयुरी,

काल बाजाराच्या दिवशी चोपड्याला चमेलीबाई भेटली. तिच्या तोंडून कळलं की तुला दिवस गेले आहेत. तिसरा महिना चालू आहे म्हणाली.

मी भाजीची पिशवी तिथेच खाली ठेवली. ती म्हणाली, "अवो, हसा ना, आजी व्हयन्या तुम्ही!" मी हसले.

आता मी लपवून लिहू शकत नाही. हे पत्र धुळ्याला दुसऱ्या कोणाच्या हातात पडलं तरी पडू दे.

२०२३च्या फेब्रुवारीत शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं. तुम्हा दोघींना मीच हाताला धरून नेलं होतं. लोकांनी यावं म्हणून आधी आपल्या घरच्यांची बोटं टोचली. महिन्याने कार्डं वाटायला माझ्याकडे आली. त्रेचाळीस कार्डं. त्यात तीन आपल्या घरची. माझं पिवळं, तुझं पिवळं, सुनिताचं लाल.

चाळीस मी दोन दिवसांत वाटली. प्रत्येक घरी बसून सांगितलं की लाल म्हणजे काय, पाणी किती प्यायचं, ताप आला तर थांबायचं नाही, पिवळ्या-पिवळ्याचं लग्न झालं तर पोराला काय होऊ शकतं. सगळं मला पाठ होतं. आपली तीन मी पेटीत रेशनच्या कागदांखाली ठेवली.

आठ दिवसांवर तुझी सुपारी होती. धुळ्याचं स्थळ, मुलगा शिकलेला, कामाला लागलेला. मी मनात म्हटलं, लग्न होऊ दे, मग जावयांना विश्वासात घेऊन सांगू. लग्न झालं. मग म्हटलं, पहिला सण होऊ दे. तोवर सुनिताचे हातपाय ठणकायला लागले. मला माहीत होतं ते कशाने ठणकतात. गोळ्या चोपड्याला फुकट मिळत होत्या, पण नाव नोंदवावं लागलं असतं, कार्ड दाखवावं लागलं असतं, आणि पाड्यावर असं काही झाकून राहत नाही. मी तिला शेक द्यायचे, तापाची गोळी द्यायचे. ती म्हणायची, "माय, मना पाय कापी टाक, पन हाई थांबाड." मी तिला म्हणायचे, वाढीचं दुखणं आहे, होईल कमी.

श्रावणात ताप भरला आणि धाप लागली. मी तिला दवाखान्यात नेलं. तू धुळ्याहून आलीस, तुझ्याबरोबर तुझ्या सासूबाई आल्या. सकाळची अकराची वेळ होती. तरुण डॉक्टर होता, चांगला होता. त्याने विचारलं, "हिची सिकलची तपासणी कधी झाली होती का?" तुझ्या सासूबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

मी म्हटलं, नाही.

हे तुला माहीत नाही. तू तेव्हा खाली औषधं आणायला गेली होतीस. तुला नंतर सुनिताच्या लाल कार्डाचं कळलं, याचं कळलं नाही. तुझ्या सासूबाई संध्याकाळी जेवायला गेल्या तेव्हा मी डॉक्टरला गाठून खरं सांगितलं. तो धावत गेला. त्याने सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता सुनिता गेली. तेरा वर्षांची. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा तो वेळ मिळाला असता तर वाचली असती का, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी ते सांगू शकत नाही." वाचली नसती, असं तो म्हणाला नाही.

लोकांना आपण ताप सांगितला.

आता तुझ्यापुरतं ऐक. तुझ्या नावाचं पिवळं कार्ड होतं. त्याचं पुढे काय झालं ते मी या कागदावर लिहीत नाही. जावयांचं रक्त तपासून घे. लगेच. त्यांचं साधं निघालं तर बाळाला धोका नाही, फार तर तुझ्यासारखं पिवळं येईल. त्यांचंही पिवळं असेल तर डॉक्टरांना लवकर कळायला हवं, दिवस सरले की काही गोष्टी हातात राहत नाहीत. मला शिव्या दे, माझं नाव टाक, पण हे कर.

कोकिळा


पाडा
१७ जुलै २०२५

मयुरी,

तुझं उत्तर नाही. काल समितीची शेवटची बैठक झाली. लिहून नाही, पडद्यावर, समोरासमोर. दुपारी दोनची वेळ होती. मी एक वाजल्यापासून ग्रामपंचायतीत जाऊन बसले. केस नीट केले, आशाची साडी नेसले.

पडद्यावर सहा चौकटी, प्रत्येकीखाली आकडा. अध्यक्षबाई मधल्या चौकटीत, मागे पुस्तकांचं कपाट. क्रमांक तीन खरंच मुलगी निघाली, चष्मेवाली, पंचविशीतली. नानांच्या चौकटीत त्यांची नुसती टोपी दिसत होती. प्रत्येक अर्जाला बारा मिनिटं. बोलायचं असेल तर हात वर करायचं चिन्ह दाबायचं. मी दाबायचे, तोवर कोणीतरी बोलायला लागलेलं असायचं. एकदा मी दोन मिनिटं बोलले आणि मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "कोकिळाताई, तुमचा आवाज बंद आहे." पुन्हा सगळं बोलायला मला लाज वाटली.

चौथा अर्ज आला. क्रमांक दोन, ते मोठ्या शहरातले डॉक्टर आहेत, म्हणाले, "मला वाटतं हा मंजूर करावा. एकच शंका होती, निकाल लपवण्याची. ती परीक्षक पाच यांनी दूर केली आहे." आणि त्यांनी माझं वाक्य वाचून दाखवलं. आमच्याकडे कोणी लपवत नाही.

माझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना ते इतकं खरं वाटलं, की मी क्षणभर मान डोलावली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग कोणाला काही भर घालायची आहे का? नाहीतर गुण पक्के करू."

मी चिन्ह दाबलं नाही. तशीच बोलले. "मी खोटं लिहिलं होतं."

"काय म्हणालात ताई? पुन्हा बोलता का?"

"लोक लपवतात. मी लपवलं. माझ्या लहान मुलीचं लाल कार्ड माझ्याकडे आलं होतं. मोठीचं लग्न मोडेल म्हणून मी ते पेटीत ठेवलं. लहान मुलगी गेली. मी आशा आहे. मला सगळं समजत होतं."

पडदा अडकला की काय असं वाटलं, पण चष्मेवाली मुलगी चष्मा काढून डोळे पुसत होती, म्हणजे चालू होता. नानांची टोपी खाली झुकली. मग त्यांचाच आवाज आला, "अक्का, पानी पी घे जरा." मी तांब्या तोंडाला लावला. पाच जण मला पाणी पिताना बघत होते.

क्रमांक चार म्हणाले, "आम्हाला फार वाईट वाटतं. पण हा व्यक्तिगत अनुभव आहे, गुण देताना तो कितपत धरावा?" क्रमांक दोन म्हणाले, "अर्जात कार्ड कोणाच्या हाती द्यायचं म्हटलंय?" चष्मेवालीने पान काढून वाचलं. आशामार्फत, मुलाच्या वा मुलीच्या आईच्या हाती.

अध्यक्षबाईंनी हळू आवाजात विचारलं, "कोकिळाताई, तुमचे नऊ गुण आहेत. ते ठेवायचे की बदलायचे? तुमच्यावर काही दबाव नाही."

मयुरी, मी काय करायला हवं होतं? तो अर्ज मंजूर झाला तर चाळीस पाड्यांत तपासणी होणार होती. नऊ ठेवले असते तर बहुतेक झालाच असता. पण मला डोळ्यांपुढे चाळीस पाड्यांतल्या चाळीस आया दिसल्या, प्रत्येकीच्या हातात कार्ड, आणि प्रत्येकीच्या घरी एक पोर लग्नाची. ते कार्ड पोरीच्या हातात द्यायला हवं होतं. सुनिता तेरा वर्षांची होती, तिला वाचता येत होतं. तिला लाल कार्ड दिलं असतं तर ती एकटी चालत दवाखान्यात गेली असती, अशी पोर होती ती.

मी म्हटलं, "चार करा."

माझ्यामागून दोघांनी आपले गुण उतरवले. बारा मिनिटं झाली. पाचवा अर्ज पाण्यातल्या क्षारांचा होता.

कोकिळा


पाडा
६ ऑगस्ट २०२५

मयुरी,

सात अर्जांपैकी दोन मंजूर झाले. चौथा झाला नाही. ज्यांनी तो केला होता त्यांना पाठवायचा अभिप्राय आधी आम्हाला वाचायला आला. त्यात आकड्यांवर चार ओळी आहेत आणि शेवटी एक ओळ अशी: "लाभार्थी कुटुंबांकडून निकाल दडवला जाण्याची शक्यता विचारात घेतलेली नाही."

आपल्या सुनिताचं एवढंच उरलं त्या कागदावर. मी ती ओळ चार वेळा वाचली. चूक काही नाही तिच्यात.

यंदा आपल्याकडे तपासणी येणार नाही. पलीकडच्या पाड्यावर एका घरी पोरीचे गुडघे सुजतात म्हणून परवा बोलावणं आलं. मी तिला तशीच उचलून चोपड्याला नेलं, तिच्या आईने वाटेत दहा वेळा विचारलं, "कोनले सांगशी नही ना?" मी उत्तर दिलं नाही. चाळीस पाड्यांत अशा किती असतील आणि माझ्या चार गुणांनी त्यांचं काय झालं, याचा हिशेब मला लागत नाही.

हे पत्र घाईत लिहिते. काल जावयांचा फोन आला. मी आधी ओळखलंच नाही. म्हणाले, "मामी, तुमचं पत्र मी वाचलं. मयुरी उघडत नव्हती, मी उघडलं. रविवारी धुळ्याला या." आवाज रागाचा होता की कसला ते कळलं नाही. मी विचारलं, तपासणी केली का? ते म्हणाले, "या, मग बोलू."

त्यांनी बोलावलं म्हणून येते आहे. तुझ्या मनाविरुद्ध येते असं समजू नकोस.

कोकिळा


पाडा
१२ ऑगस्ट २०२५

मयुरी,

हे मी टपालात टाकत नाही. चमेलीबाई तिच्या लेकीकडे धुळ्याला येते आहे, ती तुझ्या हातात देईल, तू एकटी असशील तेव्हाच. वाचून फाड.

रविवारी तू दार उघडलंस तेव्हा मी तुला दोन वर्षांनी पाहिलं. पोट दिसायला लागलंय. तू म्हणालीस, "बसा." मला, बसा! मी खुर्चीच्या कडेवर बसले. तू पाणी आणून ठेवलंस आणि भिंतीशी जाऊन उभी राहिलीस, परक्या घरची सून उभी राहते तशी.

जावई म्हणाले, "मामी, माझं रक्त तपासलं. साधं आलं." मी हात जोडले. कोणाला जोडले कोण जाणे.

मग तुझ्या सासूबाई, शेवंताबाई, बोलल्या. "इहीनबाई, तुम्ही आमले फसाडं. त्या दिनले मी तठे खाटजोडे उभी व्हती. डाक्टरनी इचारं, तुम्ही मना देखता नही म्हनी सांगं. मनामुळे पोर गई का मंग?" त्या रडत होत्या. मयुरी, मी त्या बाईला दोन वर्षं मनात दोष देत होते की ती तिथे उभी नसती तर. तिला सुनिताचं दुःख असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी म्हटलं, तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे.

आणि मग जावयांनी तो प्रश्न विचारला. "मामी, एकच खरं सांगा. हिला माहीत होतं का? हिच्या पिवळ्या कार्डाचं? माझ्याबरोबर दोन वर्षं राहिली, पोर होऊ घातलं. हिला माहीत असून हिने मला सांगितलं नाही का?"

तू खाली पाहत होतीस. तुझ्या पायाचा अंगठा फरशीवर घासत होता.

दहाव्याच्या दिवशी तू पेटी उघडलीस, दोन कार्डं हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिलीस, म्हणालीस, "मना लगीनसाठे?" आणि दोन्ही घेऊन गेलीस. लालही आणि पिवळंही. मी पेटी नंतर पाहिली, माझं एकटीचं पिवळं तिथे होतं. म्हणजे तुला दोन वर्षं माहीत होतं, आणि तू त्यांना सांगितलं नाहीस. का सांगितलं नाहीस ते मी तुला विचारणार नाही. सगळ्या जगात मला एकटीला ते विचारायचा हक्क नाही. तू भ्यालीस. तुझं घर मोडेल म्हणून भ्यालीस. मला तुझ्यात मी दिसले आणि मला वाटलं, धरणी फाटली तर बरं.

त्याच्या पंचवीस दिवस आधी मी पाच माणसांसमोर खरं बोलले होते. परत खोटं बोलायचं नाही असं मी सुनिताला सांगितलं होतं, तिच्या फोटोसमोर नाही, शेतात, मोठ्याने.

मी जावयांच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "नाही. तिला काही माहीत नव्हतं. तिचं कार्ड मी तिला दाखवलंच नाही, जाळून टाकलं. तिला कळलं ते या पत्रानेच कळलं असतं, आणि पत्र तर तुम्ही उघडलंत."

त्यांचे खांदे सैल झाले. ते तुझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बस ना तू. किती वेळची उभी आहेस." तू बसलीस. त्यांनी तुझ्या पाठीमागे उशी सरकवली. शेवंताबाई मला म्हणाल्या, "मंग तुम्ही आते आमना घर येऊ नका. बाळंतपन आम्ही करसूत. तुमनी सावली नको माले तिनावर." त्यांचं चूक नाही. सगळं माझ्यावर आलं आणि जिथे यायला हवं तिथेच आलं, तुझा वाटा मी माझ्यात घातला एवढंच.

तू मला पोहोचवायला रस्त्यापर्यंत आलीस. रिक्षा येईपर्यंत आपण उभ्या होतो. तुला काही बोलायचं होतं, दोनदा ओठ हलले. मी वाट पाहिली. रिक्षा आली, मी आत बसले, तेव्हा तू वाकून म्हणालीस, "आते येऊ नको, माय."

दोन वर्षांत पहिल्यांदा माय म्हणालीस. मी अमळनेरपर्यंत बसमध्ये पदर तोंडात धरून बसले. शेजारची बाई विचारत होती, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, लेक सुखी आहे.

समितीला मी कळवलं आहे की पुढच्या फेरीत माझं नाव धरू नका. अध्यक्षबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, चौथ्या अर्जाचे लोक तो सुधारून पुन्हा पाठवणार आहेत, तेव्हा तुम्ही हव्या आहात, तुम्ही त्या दिवशी जे बोललात त्याला धाडस लागतं. मी म्हटलं, बाई, ते धाडस रविवारी संपलं. त्यांना काही कळलं नाही आणि मी समजावलं नाही. माझ्या जागी नानांनी कोणी पाहून दिलं तर बरं.

मी येणार नाही, मयुरी. फोन करणार नाही, पत्रही हे शेवटचं. जानेवारीत चमेलीबाईकडून कळेल ते कळेल. तुला एकच मागते. बाळाची तपासणी करून घे. पिवळं कार्ड आलं तर पेटीत ठेवू नकोस, माझ्यासारखं नाही आणि तुझ्यासारखंही नाही. त्याला अक्षरं लावता यायला लागली, की पहिल्यांदा तेच त्याच्या हातात दे, आणि त्यावर काय लिहिलंय ते त्यालाच तुला वाचून दाखवू दे.

तुझी माय